बांधापलीकडचा प्रयोग : शेतकरी गटामुळे नवं तंत्र रानात कसं रुजतं

आमच्या करवीर तालुक्यात उसाच्या कुठल्याही गावात जाऊन नवीन काही सांगून बघा. पाच फुटी सरी सोडा, पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला जाळू नका, टिपरीऐवजी (उसाच्या तुकड्याऐवजी) रोप लावा. माणसं ऐकून घेतील, चहा पाजतील आणि शेवटी म्हणतील, "आधी तुम्ही करा की, मग आम्ही बघतो." बाहेरून आलेल्याला हा हटवादीपणा वाटतो. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो आणि आता घरची शेती मीच बघतो, म्हणून सांगतो, यात हट्ट कमी आणि हिशेब जास्त आहे.

तो हिशेब असा. आडसाली लावण जुलै-ऑगस्टात होते आणि ऊस तुटायला १६ ते १८ महिने लागतात. पुढे एक खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेलं दुसरं पीक, धरला की आणखी वर्ष जातं. म्हणजे एका रानात कोणती जात लावायची, सरी किती फुटांवर सोडायची, टिपरी लावायची की रोप, हे ठरवायची वेळ अडीच वर्षांतून एकदा येते. कर्त्या वयाची ३० वर्षं धरली तर एका रानात अशा संधी फक्त १२. नवं काही केलं आणि ते फसलं तर त्या १२ मधली एक गेली. तिच्याबरोबर सोसायटीचं कर्ज थकतं, पोरीच्या कॉलेजच्या फीची ओढाताण होते, घराचा अर्धवट राहिलेला स्लॅब तसाच राहतो. एवढं सगळं पणाला लावायचं म्हटल्यावर माणूस म्हणणारच, आधी तुम्ही करा.

आता १५ जणांचा गट घ्या. प्रत्येकानं आपल्या रानातले दहा गुंठे वेगळ्या प्रयोगाला दिले, तर एकट्याला एका रानात सगळ्या हयातीत जेवढं करून बघता आलं नसतं तेवढं एका लावणीत बघून होतं. फसलं तरी प्रत्येकाचे दहाच गुंठे. गटामुळे शेतीत नवं का येतं, याचं निम्मं उत्तर या साध्या गणितात आहे. उरलेलं निम्मं जरा गुंतागुंतीचं आहे.

माहिती दुकानातून, खात्री बांधावरून

माहितीची टंचाई आता राहिलेली नाही. मोबाईल उघडला की ठिबकापासून ड्रोनपर्यंत सगळं दिसतं. कृषी सहायक येतात, खताचे दुकानदार सांगतात, कारखान्याचा शेतकी विभाग पत्रकं वाटतो. तरीही ऐकलेलं रानात उतरायला वर्षं लागतात. ही गोष्ट आपल्याकडचीच आहे असं नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी २५९ शेतकऱ्यांना गाठून संकरित मक्याचं बियाणं तुम्ही कधी आणि कुणाचं ऐकून घेतलंत, असं विचारलं होतं. त्यांचा अभ्यास १९४३ साली प्रसिद्ध झाला. बियाणं चांगलं होतं, उत्पन्न वाढत होतं, तरी ते सगळीकडे पोचायला १९२८ ते १९४१ अशी तेरा वर्षं गेली. शेवटी दोघे सोडून बाकी सगळ्यांनी ते घेतलं. पण त्यांनी सांगितलेली खरी गंमत पुढं आहे. बियाण्याची बातमी सगळ्यात जास्त जणांना विक्रेत्याकडून कळली होती, मन मात्र जास्त करून शेजाऱ्यांमुळे वळलं. आणि सुरुवातीला जवळजवळ प्रत्येकानं ते थोड्याशाच जागेत पेरून पाहिलं होतं. आपल्याकडे "दहा गुंठ्यांत बघू" म्हणतात, तेच तिथंही घडलं.

मग प्रश्न येतो, शेजाऱ्याचं बघून शिकता येतं तर गट कशाला हवा?

कारण बांधावरून नुसता ऊस दिसतो, त्यामागची कारणं दिसत नाहीत. शेजाऱ्याचा फड हिरवागार दिसला तर तो नव्या जातीमुळे, की गेल्या वर्षी त्यानं रानात मेंढ्या बसवल्या होत्या म्हणून, की त्याला पाण्याची पाळी आठवडाभर आधी मिळते म्हणून? बांधावर उभं राहून हे कळत नाही. त्यात कोल्हापूर जिल्हा म्हणजे एका जिल्ह्यात चार मुलुख. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि शंभरेक किलोमीटर पूर्वेला शिरोळात ५००-६०० मिलिमीटरवर भागवावं लागतं. नदीकाठची काळी, खोल जमीन वेगळी, भुदरगड-आजऱ्याकडची तांबडी वेगळी, माळाची मुरमाड आणखी वेगळी. शिरोळातल्या रानात जमलेली गोष्ट शाहूवाडीत जमेलच असं नाही. कधी कधी तर एकाच गावात ओढ्याच्या अलीकडे जमलेलं पलीकडे जमत नाही.

गट हा प्रश्न दोन साध्या गोष्टींनी सोडवतो. पहिली, प्रयोगाच्या शेजारी जुन्या पद्धतीचा एक पट्टा मुद्दाम ठेवायचा. रान तेच, पाणी तेच, खत तेच, फरक फक्त एकाच गोष्टीत. दुसरी, तोच प्रयोग चार वेगवेगळ्या रानांत चौघांनी करायचा. चारही ठिकाणी फरक दिसला तर ते तंत्राचं काम. एकाच ठिकाणी दिसला तर तिथल्या जमिनीत काहीतरी वेगळं आहे. शास्त्रज्ञ प्रक्षेत्रावर करतात ते हेच, फक्त गट ते आपल्या मातीत, आपल्या लोडशेडिंगच्या वेळापत्रकात आणि आपल्या माणसांच्या हातून करतो.

एका शिवारफेरीची गोष्ट

आमच्या गटात महिन्यातून एकदा शिवारफेरी असते. सकाळी सातला निघायचं, तीन रानं बघायची, दहाच्या आत परत. गेल्या खेपेचा विषय होता खोडव्यातलं पाचट.

ऊस तुटून गेला की रानात पाचटाचा थर राहतो, हेक्टरी साधारण ८ ते १० टन. काडी ओढली की तासाभरात रान मोकळं होतं, म्हणून वर्षानुवर्षं ते पेटवलं जातं. कृषी विद्यापीठाची शिफारस अशी की पाचट सरीत दाबायचं, बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्यानं छाटायचे, पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकायचं आणि पाणी द्यायचं. मग बगला (सरीच्या कडा) फोडून खत घालता येत नाही, कारण सरीत पाचट असतं. त्यावर पहारीचा उपाय आहे. बुडख्यापासून १०-१५ सेंटिमीटरवर, १५-२० सेंटिमीटर खोल भोक पाडायचं, त्यात खत टाकून बुजवायचं, आणि एका भोकापासून दुसरं ३० सेंटिमीटरवर. कागदावर हे चार ओळींत मावतं. एकरभर रानात पहार मारायची म्हटली की ते काम काय असतं, हे पहार धरल्यावरच कळतं.

त्या दिवशी आम्ही ज्यांच्या रानात गेलो त्या तात्यांनी अर्ध्या रानात पाचट ठेवलं होतं आणि अर्ध्यात नेहमीप्रमाणे पेटवलं होतं. कुणीतरी खुरप्यानं पाचट बाजूला सारलं. खालची माती ओली होती, मुठीत दाबली की गोळा होत होता, त्यात दोन गांडुळं वळवळत होती. चार सऱ्या पलीकडे पेटवलेल्या पट्ट्यातलं ढेकूळ हातात घेतलं तर त्याचा भुगा झाला. पाळी दोन्हीकडे एकाच दिवशी मिळालेली. पुढं कुणी फारसं बोलायची गरज उरली नाही.

आमचे पुरुष लगेच टनांवर आले. फुटवे किती, जाडी किती, एकरी किती टन पडेल. तेवढ्यात बांधावर बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "तुम्ही टनच मोजा. या पट्ट्यात आम्ही भांगलायला एकदा आलोय, त्या पट्ट्यात तीनदा."

आमच्या वहीत भांगलणीचा, म्हणजे तण काढण्याचा, रकानाच नव्हता. कारण वही भरणाऱ्यांपैकी कुणीही कधी भांगलत नाही. त्या दिवसापासून वहीत मजुरीच्या पाळ्यांचा रकाना आला, आणि पहार मारायला किती माणसं लागली हेही आम्ही लिहायला लागलो. गटात कोण बसतं यावर गट काय मोजतो हे ठरतं, हे मला त्या सकाळी नीट कळलं. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बाया गटाबाहेर राहतात, आणि त्यांच्याबरोबर शेतीतलं निम्मं निरीक्षण बाहेर राहतं. धारा काढणं, वैरण आणणं, रोपं लावणं, खुरपणं ही कामं ज्यांच्या हातची, त्यांना न विचारता केलेला प्रयोग अपुराच.

रानात जाऊन, डोळ्यांनी बघून, एकत्र बसून ठरवायची ही रीत सरकारी भाषेत "शेतीशाळा" म्हणून ओळखली जाते. तिचं मूळ इंडोनेशियात आहे. तिथं भातावर तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार केला होता, आणि जितकी फवारणी वाढली तितके तुडतुडे वाढले, कारण औषधानं तुडतुडे खाणारे कोळी आणि बाकीचे मित्रकीटक आधी मरत होते. १९८६ साली तिथल्या सरकारनं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शाळा रानातच भरू लागल्या. वीस-पंचवीस जणांनी दर आठवड्याला एकाच प्लॉटवर जमायचं, रोप निरखायचं, मोठ्या कागदावर त्याचं चित्र काढून एका बाजूला मित्रकीटक आणि दुसऱ्या बाजूला शत्रुकीटक मांडायचे, आणि फवारायचं की नाही ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. चित्र काढायला सांगितलं की मोठी माणसं आधी लाजतात. पण चित्र काढायचं म्हणजे नीट बघावं लागतं, आणि नीट बघायची सवय लागली की दुकानदारानं हातात दिलेली बाटली माणूस आपसूक परत ठेवतो.

फसलेलं आधी सांगायचं

गटाचा सगळ्यात मोठा उपयोग मला विचाराल तर अपयश सांगायला जागा मिळते, हा आहे. एकट्याचा प्रयोग फसला की तो झाकून ठेवतो. गावात पारावर चर्चा होईल, सासुरवाडीपर्यंत बातमी जाईल. मग तीच चूक पुढच्या वर्षी दुसरा करतो, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा.

आमच्याकडं पहिल्यांदा एक डोळा रोपांची (उसाच्या एकेका डोळ्यापासून वाढवलेल्या रोपांची) लावण झाली तेव्हा आम्ही एका रोपवाटिकेतून रोपं आणली. त्यातली बरीच मेली, नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरता भरता जीव मेटाकुटीला आला. गट नसता तर "रोपांचं काही खरं नाही, टिपरीच बरी" असं म्हणून विषय तिथंच संपला असता. पण चौघांनी लावली होती आणि चौघांच्या रानात मर वेगवेगळी होती, त्यामुळे बसून कारणं शोधता आली. रोपं दोन महिन्यांच्या आसपास जून झालेली होती, ट्रेमध्ये मुळं गोल गोल फिरून त्यांचा गुंडा झाला होता. ज्यांनी भर दुपारच्या उन्हात कोरड्या सरीत लावली त्यांची जास्त मेली. ज्यांनी सरी भिजवून संध्याकाळी लावली त्यांची बरीच तगली. पुढच्या वेळी महिनाभराची, फार तर चाळीस दिवसांची रोपं घ्यायची असं ठरलं, आणि तिघांनी मिळून घराशेजारीच शेडनेट टाकलं. बेणं कुणाच्या बेणेमळ्यातलं, किती महिन्यांचं, हेही आता माहीत असतं. तेव्हापासून आमच्या बैठकीत पहिली पंधरा मिनिटं "काय फसलं" याची असतात. ती पंधरा मिनिटं ऐकायला बाहेरची माणसंही येऊन बसतात.

बांधाच्या आत न होणाऱ्या गोष्टी

आतापर्यंत सांगितलं ते सगळं एकट्यानंही, उशिरानं का होईना, जमलं असतं. पण शेतीतल्या काही गोष्टी अशा आहेत की एकट्यानं कितीही पैसा आणि अक्कल लावली तरी त्या होत नाहीत.

हुमणीचं बघा. मुळं खाणारी ती पांढरी अळी आपण जुलै-ऑगस्टात ऊस पिवळा पडल्यावर बघतो, तेव्हा ती जमिनीत खोल असते आणि बरीच मोठी झालेली असते. तिला मारायची सोपी वेळ मे-जूनची. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की माळावरच्या हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमाराला जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभळीच्या झाडांवर पाला खायला आणि मिलनाला जमतात. पुढं एक मादी जमिनीत ५०-६० अंडी घालते. त्या दोन-चार रात्री झाडाच्या फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. जोडीला प्रकाश सापळे. एक मादी गेली की पन्नास अळ्या गेल्या, तेही औषधाचा एक थेंब न वापरता.

पण भुंगेऱ्याला पंख आहेत, त्याला बांध कळत नाही. मी माझ्या बाभळीवरचे सगळे वेचले आणि शेजारच्या दहा जणांनी वेचले नाहीत, तर माझ्या रानात हुमणी येणारच. आणि वळीव कधी पडेल हे कुणाच्या हातात नाही, त्यामुळे आज संध्याकाळी निघायचं ठरलं तर आजच सगळे निघायला हवेत. आमच्या गटात कुणाच्या शिवारात कोणती झाडं आहेत याची यादी आहे, आणि पहिला पाऊस झाला की मोबाईलवर एवढाच निरोप फिरतो : "आज सात वाजता, बॅटरी आणि बादली." शाळेची पोरंही येतात. नदीकाठच्या काळ्या रानातली हुमणी वेगळ्या जातीची, तिच्या बाहेर पडायच्या वेळा आणि सवयी वेगळ्या, म्हणून माळावरचा उपाय तिथं जसाच्या तसा चालत नाही. हे सांगायला तिथला गटच लागतो.

लोकरी माव्याची आठवण चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक ऊस उत्पादकाला आहे. २००२ साली सांगली जिल्ह्यात तो दिसला आणि बघता बघता आमच्याकडं पोचला. पानांखाली कापूस पिंजल्यासारखा थर, खालच्या पानांवर काळी बुरशी. बारा-पंधरा फूट वाढलेल्या उसात फवारायला शिरायचं कसं? शेवटी उपयोगी पडली ती माव्यावर जगणारी डिफा नावाच्या पतंगाची अळी. ती शेडनेटमध्ये वाढवून रानोरान सोडली गेली. पण डिफा टिकायची तर आसपास कुणीही घाबरून विषारी फवारणी करता कामा नये. म्हणजे इथं नवं तंत्र होतं "काही न करणं", आणि ते सगळ्यांनी मिळून न करणं. एकट्याचा संयम इथं कामाचा नव्हता.

तिसरं उदाहरण सगळ्यात मोठं आणि खर्चिक आहे, ते क्षारपड जमिनीचं. शिरोळ-हातकणंगल्याकडं खोल काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं पाट भरून पाणी दिलं गेलं. ते पाणी खाली मुरून निघून जायला वाट नव्हती. जमिनीतली पाण्याची पातळी वर आली, पाण्याबरोबर क्षारही वर आले, पाणी उडून गेलं आणि क्षार राहिले. ज्या रानात एकेकाळी उसाचा फड उभा राहायचा तिथं पांढरी खपली धरली, नुसतं गवत उगवायला लागलं. यावर उपाय आहे : जमिनीत मीटर-सव्वा मीटर खोलीवर भोकं असलेले, गाळणीचं कापड गुंडाळलेले पाईप ठरावीक अंतरानं पुरायचे. साचलेलं खारं पाणी त्या पाईपांत झिरपतं, तिथून मोठ्या मुख्य वाहिनीत आणि तिथून नाल्यात. पावसाचं गोडं पाणी क्षार धुऊन खाली नेतं आणि हळूहळू जमीन परत पिकायला लागते.

आता यातली मेख बघा. माझ्या एकरातले पाईप मी पुरले, पण नाला माझ्या रानापासून दहा जणांच्या रानांपलीकडे आहे. मुख्य वाहिनी त्या दहा जणांच्या रानातून गेल्याशिवाय माझं पाणी बाहेर कसं पडणार? त्यातल्या एकानं जरी "माझ्या रानातून चर काढायचा नाही" म्हटलं तरी वरच्या सगळ्यांचं काम अडतं. तंत्र इंजिनिअर देईल, पैसा कर्जानं मिळेल, पण ती संमती फक्त गट मिळवू शकतो. शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकरी एकत्र येऊन हे काम झालं, आणि पडीक झालेल्या रानांत पुन्हा ऊस उभा राहिला. ते बघायला कुणी गेलात तर पाईपांबरोबर तिथल्या बैठकांबद्दलही विचारा. माझ्या मते त्या कामातला अवघड भाग जमिनीच्या वरचा होता.

पाचटाचंही थोडं तसंच आहे. मी पाचट ठेवलं आणि शेजाऱ्यानं त्याचं पेटवलं, वारा फिरला की माझं वर्षाचं काम तासात जळतं. ऊसतोडणी यंत्राचंही तसंच. त्याला रुंद सरी लागते आणि वळायला जागा लागते. गुंठ्या-गुंठ्यांच्या तुकड्यांत ते शिरत नाही. चार शेजाऱ्यांनी एकाच दिशेला, एकाच रुंदीची सरी आणि एकाच वेळी लावण केली तर यंत्र येतं, नाही तर येत नाही.

कोल्हापूरला हे नवीन नाही

आपल्याकडं एकत्र येऊन शेती करायची सवय जुनी आहे. पैऱ्यानं लावण करणं, म्हणजे आज तुझ्या रानात आम्ही सगळे, उद्या माझ्या रानात तुम्ही सगळे, हे आजीच्या काळापासून चालत आलंय. नदीचं पाणी माळावर नेलं ते पाणीपुरवठा संस्थांनी, आणि ती पाळी वाटून घ्यायची शिस्त शेतकऱ्यांनीच घालून घेतली. पावसाळ्यात बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) काढायचे आणि पावसाळा सरता सरता घालायचे, असा जो बंधारा ठिकठिकाणी दिसतो, त्याला सगळा महाराष्ट्र "कोल्हापूर पद्धतीचा बंधारा" म्हणतो. गावोगावच्या दूध संस्था घ्या. १९६३ साली स्थापन झालेला जिल्ह्याचा दूध संघ, म्हणजे आपलं गोकुळ, त्या संस्थांवरच उभा आहे. कृत्रिम रेतन, पशुखाद्य, दुधाची फॅट मोजायची सवय, हे सगळं घराघरांत पोचलं ते गावच्या दूध संस्थेच्या दारातून. सकाळ-संध्याकाळ तिथं माणूस जातोच, आणि रांगेत उभं असताना शेजारणीच्या म्हशीनं किती दूध दिलं हे कळतंच.

म्हणून नवा गट काढायचा तर शून्यातून काढायची गरज नसते. भिशी, बचत गट, दूध संस्था, भजनी मंडळ, जिथं एकमेकांवर विश्वास आधीच आहे तिथून सुरुवात केलेली बरी.

याच्या उलट, अनुदानासाठी घाईनं काढलेले गट मी बघितले आहेत. राज्य सरकारनं २०१७ साली गटशेतीची योजना आणली तेव्हा किमान २० शेतकरी आणि १०० एकर सलग क्षेत्र अशी अट होती. अट चुकीची नव्हती. पण यादी पूर्ण करायची म्हणून मावसभावाचं आणि मुंबईला असलेल्या चुलत्याचं नाव घातलं की तो गट कागदावरच राहतो. अवजार येतं, अध्यक्षांच्या शेडमध्ये उभं राहतं आणि बाकीच्यांना भाड्यानं मिळतं. ज्या गटात सगळे प्रयोग एकाच मोठ्या शेतकऱ्याच्या रानात होतात त्याबद्दलही मी सावध असतो. त्याच्याकडं पाणी बारमाही, ट्रॅक्टर घरचा, माणसं कायमची. त्याच्या रानातलं यश तीस गुंठेवाल्याला उपयोगी पडेलच असं नाही. लहान शेतकऱ्याच्या रानात जमलं तर ते मोठ्याच्या रानात जमायची शक्यता जास्त, म्हणून प्रयोग आधी लहान शेतकऱ्याच्या रानात करावा आणि खर्च गटानं वाटून घ्यावा.

शास्त्रज्ञांपर्यंत जाणारी वाट

पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र, कोल्हापुरातलं ऊस व गूळ संशोधन केंद्र, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या संस्थांकडून आपल्याला जाती आणि शिफारशी मिळतात. को ८६०३२ आणि फुले २६५ या उसाच्या जातींची नावं आता शेतकऱ्याच्या तोंडी घरच्या बैलांच्या नावांसारखी असतात. पण शिफारस सरासरीवर बेतलेली असते. तुमच्या ओढ्याकाठच्या चिबड, पाणी साचणाऱ्या रानात काय होतं हे शास्त्रज्ञाला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही. एकटा शेतकरी जाऊन "साहेब, ऊस पिवळा पडलाय" म्हणतो. गट जातो तेव्हा त्याच्या हातात वही असते : आठ रानं, लावणीच्या तारखा, माती परीक्षणाचे कागद, कुठं पिवळा पडला आणि कुठं नाही. दुसऱ्या प्रश्नाला शास्त्रज्ञ खुर्चीवरून उठून रानात येतो, हा माझा अनुभव आहे.

आणि शेतकऱ्यानं स्वतः शोधलेलं जपायलाही गट लागतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या छोट्याशा रानात निवड करून एचएमटी भाताचा वाण काढला. तो देशभर पसरला, पण त्याचं श्रेय आणि पैसा त्यांच्यापर्यंत फार थोडा पोचला. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ सालचा, त्यात एकटा शेतकरी किंवा शेतकऱ्यांचा समूह आपल्या वाणाची नोंदणी करू शकतो. भौगोलिक मानांकन तर एकट्याला मिळतच नाही, उत्पादकांच्या संस्थेलाच अर्ज करावा लागतो. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला ते मानांकन मिळालं ते तिथल्या शेतकऱ्यांनी संघटितपणे मागितलं म्हणून. घनसाळ कमी पिकतो, पण शिजायला लागला की चार घरांपलीकडे वास जातो. तो वास टिकवायचा तर बियाणं शुद्ध हवं, खळ्यावर दुसऱ्या भाताची भेसळ होता कामा नये. एकानं भेसळ केली की बाजारात नाव सगळ्या आजऱ्याचं जातं.

गटाला पुढं कंपनी करायची असेल तर २००२ च्या कायदा दुरुस्तीनं शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते, किमान दहा उत्पादक लागतात. खत-बियाणं एकत्र घेणं, माल प्रतवारी करून विकणं, यासाठी ती चांगली. पण कंपनी झाली की हिशेब, लेखापरीक्षण, संचालकांच्या सह्या यांतच बैठक संपते आणि शिवारफेरी बंद पडते. आम्ही त्यामुळे दोन-तीन वर्षं नुसता गटच ठेवायचं ठरवलंय.

सध्या आमच्यापुढं एक अडचण आहे. तात्यांच्या त्या रानातला खोडवा जानेवारीत तुटेल. पाचट ठेवलेला पट्टा आणि पेटवलेला पट्टा यांचं वजन वेगवेगळं कळायला हवं, पण तोडणीवाले सगळा ऊस एकत्र भरतात आणि काट्यावर एकाच खेपेची पावती मिळते. तोडणीच्या टोळीच्या मुकादमाशी बोलणं झालंय. दोन्ही पट्टे वेगळ्या दिवशी तोडायला तो तयार आहे, पण एका दिवसाची जादा मजुरी मागतोय. ती १५ जणांत वाटून द्यायचं परवाच्या बैठकीत ठरलं. तात्या एकटे असते, तर त्यांनी ती मजुरी दिली नसती, आणि पाचटानं किती टन वाढतात हे आमच्या गावाला आणखी अडीच वर्षं कळलं नसतं.